मॅग्मा, लाव्हा आणि बाबांची विहीर

'फरक स्पष्ट करा: मॅग्मा आणि लाव्हा.' गुण दोन. हा प्रश्न मी बावीस वर्षं काढतेय आणि बावीस वर्षं तपासतेय. उत्तर ठरलेलं. वितळलेला दगड जमिनीच्या पोटात आहे तोवर मॅग्मा, जमिनीवर आला की लाव्हा. एवढं लिहिलं की दोन गुण पदरात. अमरावतीच्या आमच्या शाळेतल्या पोरींना झोपेतून उठवलं तरी हे वाक्य म्हणतील, आणि अर्थ विचारला तर तशाच पुन्हा झोपतील. मी तरी कुठे वेगळी होते? भूगोलाची बाई म्हणून मिरवत होते, पण हा फरक एकदा हात लावून पाहावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. मला चुकीचं उत्तर सहन होत नाही. एकदा परतवाड्याच्या एसटीत मागच्या सीटवरचा माणूस बायकोला सांगत होता की समोर दिसतो तो सह्याद्री. मी वळून म्हटलं, "सातपुडा आहे तो." तो म्हणाला, "एकच असते ना मॅडम." झालं! वलगावपासून आसेगावपर्यंत मी त्याचा तास घेतला. उतरताना त्याच्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की आता हसू येतं. त्या दिवशी मात्र मला राग आला होता, कारण उतरेपर्यंत तो 'सह्याद्री'च म्हणत होता.

त्या एसटीनं मी बाबांकडे जायचे. परतवाड्याहून मेळघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला घाट सुरू व्हायच्या आधी आमचं तीन एकर वावर आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच. मी एकुलती एक, त्यामुळे काळजी वाटून घ्यायलाही कोणी नाही. दर रविवारी डबा घेऊन जायचं, घर झाडायचं, औषधाच्या गोळ्या मोजायच्या आणि भांडून परत यायचं, असा आमचा कार्यक्रम होता.

बाबा त्या भागातले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते दुसऱ्याच्या वावरात फिरायचे, आणि नारळ उभा राहिला की तिथे पाय रोवून म्हणायचे, "खोद अठी." पंचक्रोशीत कितीतरी विहिरी त्यांनी सांगितलेल्या जागी आहेत. माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नाही आणि हे मी त्यांना कॉलेजात असल्यापासून सांगत आलेय. ते म्हणायचे, "नको ठेवू विश्वास. पानी पी."

आणि ह्याच माणसाच्या स्वतःच्या विहिरीचा तळ दरवर्षी होळीनंतर दिसायला लागायचा. त्या वर्षी तर वांग्याची झाडं फुलोऱ्यातच माना टाकून उभी होती. जेवताना बाबा म्हणाले, "बाई, यंदा एक नवी विहीर खोदून पाहातो. शेवटची. पानी लागलं त राहातो अठी. नाई लागलं त येतो तुह्या अमरावतीच्या घरी, बसतो टीव्ही पाहात."

असं म्हणून ते हसले. मीही हसले. गेली चार वर्षं मी ह्या वाक्याची वाट पाहत होते. रात्री-बेरात्री ह्यांना काही झालं तर, ह्या विचारानं माझी झोप कितीदा उडाली असेल. आणि एवढं सगळं मनात असताना तोंडातून काय निघावं? "या की. पण तिथे तंबाखू चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

बाबांनी ताटातली भाकर मोडली आणि म्हणाले, "पाहू ना बापा."

मी घरी आले आणि कामाला लागले. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. ती झाडली, जाळ्या काढल्या, बाबांच्या गुडघ्यांना सोसेल असा बुटका पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. माझे यजमान अकोल्याला नोकरीला, बडनेऱ्याहून रोज अप-डाउन करतात. संध्याकाळी आले, खोलीत डोकावले आणि म्हणाले, "आणि विहिरीला पाणी लागलं तर ह्या पलंगावर कोण झोपणार?"

"तुम्ही," मी म्हटलं.

आता पाणाड्यांची एक रीत आहे. निदान आमच्याकडच्या पाणाड्यांची तरी. स्वतःच्या वावरात नारळ धरायचा नाही. आपल्या जमिनीवर आपला जीव असतो, तिथे हात खरं सांगत नाही, म्हणून दुसऱ्याला बोलवायचं. बाबांनी हिवरखेडहून त्यांचा जुना दोस्त बोलावला. तोही पाणाड्या, बाबांच्याच वयाचा, मिशा पिळलेला, आणि बोलण्यात बाबांना मागे टाकणारा. पुढच्या रविवारी मी गेले तोवर त्याचं काम उरकलं होतं. कडुनिंबापासून दहा पावलांवर चुन्याच्या फक्कीनं गोल आखलेला होता.

"ही जागा," बाबा म्हणाले. "रविवारी पूजा. मंग मशीन लावतो."

मी चहा ठेवला आणि उकळेपर्यंत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर मारली. लहानपणापासून हजारदा मारलेली चक्कर. धुऱ्याजवळ काळ्या दगडांची एक रांग जमिनीतून दोन हात वर आलेली आहे. त्यावर बसून मी चिंचा खाल्ल्या आहेत, पाठांतर केलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की ती रांग पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ आहे. ती वावरात शिरते, मातीखाली जाते, आणि पलीकडे नाल्याच्या काठाला अगदी त्याच रेषेत पुन्हा वर येते. मी मधला भाग नजरेनं जोडला. रेष नेमकी चुन्याच्या गोलातून जात होती.

मी खाली वाकले. तो दगड काळा, गच्च, कुठे एक छिद्र नाही. मग नाल्यात उतरून वरच्या अंगाचा, डोंगराकडच्या बाजूचा दगड पाहिला. तो तांबूस, ठिसूळ, आणि अनारशाला जाळी पडावी तशी त्याला छिद्रंच छिद्रं. दोन्ही हातांत दोन दगड घेऊन मी नाल्यात उभी राहिले आणि बावीस वर्षांचं ते दोन गुणांचं वाक्य माझ्यासमोर उघडलं.

आमच्याकडे शंकूसारखा ज्वालामुखी कधी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो रस वर आला, थरावर थर पसरला. हे मी शिकवते. पण पोटात असताना त्या रसात वायू दाबून बसलेला असतो. गोटीसोड्याची बाटली बंद असते तोवर सोडा गुपचूप असतो ना, तसा. वर आला, दाब गेला, की वायू बुडबुडे होऊन सुटतो, आणि ते बुडबुडे निघून जाता जाता दगड थिजतो. म्हणून लाव्ह्याच्या थराच्या माथ्याला जाळी पडते. त्या जाळीत आणि तिच्या भेगांत पाणी मुरतं. आणि जो रस वर आलाच नाही, भेगेतच अडकून पोटातल्या पोटात थिजला, त्यातला वायू सुटायला जागाच मिळाली नाही. तो गच्च राहिला. माझ्या बसायच्या दगडांची रांग म्हणजे तीच भेग. वरची माती लाखो पावसाळ्यांत धुऊन गेली म्हणून ती आज दिसत होती. चुन्याच्या गोलात खोदलं तर चाळीस फूट तोच मुका दगड लागणार होता, पाण्याचा थेंब नाही. आणि त्या भिंतीला अडून डोंगराकडचं पाणी वरच्या अंगाला उभं असणार होतं.

धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी दोन पावलं टाकलीही. आणि तिथेच थांबले. कारण पाणी लागलं नाही तर बाबा अमरावतीला येणार होते.

चहा उतू गेला होता. बाबा म्हणाले, "कोठी होती वं एवढा येळ?"

"नाल्यात," मी म्हटलं, आणि ओटा पुसायला लागले.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. परीक्षेचे पेपर तपासायला आले होते. साठ पोरींनी साठ वेळा लिहिलं होतं, मॅग्मा आत, लाव्हा बाहेर. एकीनं पुढे लिहिलं होतं, 'आणि दोन्ही फार गरम असतात.' एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी तिच्या पेपरावर लाल पेनानं 'एवढंच?' असं लिहिलं आणि मग खोडलं. बिचारीची काय चूक? मनाला समजावत होते, आपण खोटं तर बोलत नाही, नुसत्या गप्प आहोत. म्हाताऱ्या माणसानं ह्या वयात विहिरीत डोकावूच नये. इथे दवाखाना जवळ आहे. पण बाबांचं पीक वाळवून त्यांना घरी आणायचं, हे आठवलं की माझीच मला लाज वाटायची.

रविवारी पूजेला आम्ही पाचच जण. बाबा, हिवरखेडचे काका, शेजारच्या वावरातले माळी भाऊ आणि त्यांची बायको, आणि मी. मशीनवाला झाडाखाली मोबाइल पाहत होता. हळद-कुंकू, लिंबू, पाच खडे मांडून झाले. नारळ फोडायच्या आधी तीनदा विचारायची आमच्याकडे रीत आहे. बाबांनी नारळ वर धरला.

"फोडू का?"

"फोडा," सगळे म्हणाले. मी ओठ मिटून घेतले.

"फोडू का?"

"फोडा."

बाबा तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात शेजारच्या भाऊंनी शंका काढली, "काका, दगड लागन काय हो लई?" तर हिवरखेडचे काका मिशीवर हात फिरवत म्हणाले, "दगड त लागनच. सारा वऱ्हाड लाव्ह्याचाच हाये. कोठीबी खोदा, दगड एकच. विचारा ह्या मॅडमले."

एकच! डोक्यात सणक गेली माझ्या. अमरावती, खोली, पलंग, सगळं एका क्षणात उडून गेलं आणि मी ओरडले, "चूक! साफ चूक!"

मशीनवाल्यानंसुद्धा मोबाइल खाली ठेवला. मग माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. मी सगळ्यांना धुऱ्यावर नेलं, रांग दाखवली, नाल्यात उतरवलं, भेग समजावली, सोड्याची बाटली झाली, अनारसे झाले. दोन्ही दगडांवर लोट्यानं पाणी ओतून दाखवलं. काळ्यावरून ते घरंगळून गेलं, तांबड्यानं पिऊन टाकलं. माळी वहिनी म्हणाल्या, "माय वं, खरंच की!" आणि मी म्हटलं, "जो वर आला तो लाव्हा, त्याच्या अंगात पाणी आहे. जो वर आलाच नाही तो हा. इथे खोदाल तर नुसता घाम निघेल. खोदायचं तिथे, त्या वरच्या कोपऱ्यात."

सांगून झाल्यावर मला कळलं की आपण काय करून बसलो. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी काळ्या दगडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग तांबड्यावर. नारळ छातीशी धरला. मग हिवरखेडच्या काकांकडे पाहून म्हणाले, "काय म्हनतं, दोस्ता?"

काका म्हणाले, "मॅडम शिकेल हाये बापा. आपुन काय बोलावं?"

"मंग चाला," बाबा म्हणाले, आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी नारळ फोडला.

नवव्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत फोन आला. "बाई, पानी लागलं! तीस फुटाच्या आतच. असं भदाभदा येऊन राहिलं ना! साऱ्या गावाले सांगतलं, माह्या पोरीनं काढलं म्हून." मागे वहिनींचा, भाऊंचा, मशीनवाल्याचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "अरे वा." खूप आनंद झाला, खोटं कशाला सांगू? स्टाफरूममध्ये पेढे वाटले, दोन तास फरक स्पष्ट करत फिरले. आणि संध्याकाळी त्या बुटक्या पलंगावर बसून घळाघळा रडले. यजमान पाण्याचा पेला घेऊन आले आणि शहाण्या माणसासारखे तो ठेवून परत गेले.

मग पावसाळा गेला. रविवारच्या फेऱ्या सुरूच होत्या. वांगी अशी धरली होती की झाडं वाकली. बाबा थकले होते, पण विहीर दाखवायला आल्या-गेल्याला घेऊन जायचे, आणि माझं भाषण, बाटलीसकट, माझ्यापेक्षा चांगलं करायचे. दिवाळीनंतर एकदा आम्ही दोघं विहिरीच्या काठावर शेंगा फोडत बसलो होतो. पाणी वर आलं होतं, त्यात ढग दिसत होते. मोटारीपाशी जाऊन यायला बाबांना दोनदा थांबावं लागलं होतं आणि ते मी पाहिलं होतं.

मला ते पोटात ठेवणं आता जमेना. म्हटलं, "बाबा, एक सांगू? मला आठ दिवस आधीच कळलं होतं की ती जागा चुकली आहे. मी मुद्दाम गप्प बसले."

"मले माहीत हाये," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"नाल्यातून आली तवा तुह्या हातात दोन दगडं होते. ओटा पुसला अन् तठीच इसरून गेली." ते हसले. "अन् बाई, चाळीस वर्सं पानी पाहून राहिलो मी. तो काया दगड मुका हाये, हे मले का आज समजन? लहानपनीच ठोकून पाह्यला म्या."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग त्या काकांचा नारळ तिथे कसा उभा राहिला?"

"तठी कोठी राह्यला? त्याचा नारळ त तुह्याच कोपऱ्यात उभा राह्यला होता. म्याच म्हनलं त्याले, दोस्ता, चुन्याचा गोल कडुनिंबापाशी आख, अन् कोनाले सांगू नको."

नारळाचं ते ऐकून माझ्या भूगोलाचं नाक जरा खाली आलं, पण तेव्हा त्याचं काही नव्हतं. "म्हणजे पाणी लागू नये असं तुम्हाला वाटत होतं? काहून?"

बाबांनी टरफलं गोळा करून मुठीत घेतली. "आता होत नाई वं माह्यानं एकट्यानं. पन पोरीच्या घरी जावं त काय म्हून जावं? तू त कधी म्हनली नाई. नुसती तंबाखू चालत नाई म्हनत जाय. म्हनलं, विहीर कोरडी निंघाली का मंग जाता येते. लोकंई काई म्हनत नाई, तूबी नाई."

"अहो मग मी ओरडले तेव्हा थांबवायचं ना मला! तुमचं ऐकलं असतं सगळ्यांनी."

"चार लोकांत माही पोरगी एवढं झ्याक सांगून राहिली, अन् मी तिले चूक म्हनू?" बाबा म्हणाले.

 रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचाही आणि माझाही. मी त्यांच्या मुठीतली टरफलं काढून फेकून दिली आणि त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा, कसली अट न घालता, आवाज न चढवता म्हटलं, "बाबा, विहिरीला पाणी असू द्या नाहीतर नसू द्या. वावर शेजारच्या भाऊंना बटईनं कसायला द्या. मला तुम्ही माझ्या घरी पाहिजेत. चला."

बाबांनी विहिरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हेच होळीले म्हनली असती, त एवढी विहीर खोदाचं कामच नोतं ना वं, माय!"